बाबांच्या कपड्यांचा वास

माशाच्या वासाच्या बाबतीत माझं नाक चुकत नाही. माहेर मालवणचं, बांगडा आजचा की कालचा हे पिशवी न उघडता सांगणाऱ्या घरात मी वाढले. लग्न होऊन आले ते मात्र सांगलीकडच्या शाकाहारी माणसांत. म्हणून एका शनिवारी बेसमेंटमध्ये वॉशरसमोर उभी असताना सासऱ्यांच्या बनियनला मासळीचा वास आला, तेव्हा आधी मी माझेच कपडे तपासले. त्यांना वास नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं. बाबा आमच्याकडे राहायला आल्यापासून घरात मासे शिजत नव्हते. त्यांनी कधी तसं सांगितलं नाही, मीच बंद केले होते. इथल्या, अमेरिकेतल्या घरांच्या खिडक्या हिवाळाभर बंद असतात आणि डिसेंबरात तळलेली सुरमई होळीपर्यंत पडद्यांत राहते. चिकन मात्र चालायचं. नवरा इथे येऊन ते खायला लागला होता, रविवारी वेगळ्या पॅनमध्ये करायचा आणि बाबा त्याच टेबलावर शांतपणे वरणभात जेवायचे.

पुढच्या शनिवारी पुन्हा तोच वास, काखेत आणि मानेपाशी. मी जास्तीचा साबण टाकला. बाबा बाहेर कुठेतरी मासे खातात असा मी अर्थ काढला आणि त्याचं मला फार काही वाटलं नाही. या वयात एखाद्याला तळलेला मासा आवडायला लागला तर आपल्या बापाचं काय जातं. थोडी गंमतच वाटली. नवऱ्याला ती गंमत म्हणूनच सांगितली, आणि तो हसलासुद्धा.

बाबा आमच्याकडे आले ते सासूबाई गेल्यावर. त्या गेल्या तेव्हा माझा नवरा विमानात होता. उतरून फोन सुरू केला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. त्यानंतर त्याने वडिलांना सांगलीत एकटं ठेवायचं नाही असं ठरवलं आणि कागदपत्रांच्या मागे लागून त्यांना न्यू जर्सीत एडिसनला आणलं. बाबांना तिकडे असताना एक स्टेंट बसलेला होता. जन्मभर त्यांनी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलं, उसाचा रस तपासला आणि त्यातून साखरेचा उतारा किती पडेल ते सांगितलं. बोलणं कमी. आल्यावर पहिले दोन महिने ते दिवाणखान्यातल्या एकाच खुर्चीत बसून समोरच्या घराचं गॅरेज उघडताना आणि बंद होताना बघत. मुलगी कॉलेजला गेलेली, आम्ही दोघं कामावर. मी एका दंतवैद्याच्या क्लिनिकचं ऑफिस सांभाळते, तिथून दुपारी घरी फोन केला तर ते एवढंच म्हणत, "ठीक आहे."

मग मी त्यांचं नाव डे-केअरला घातलं. आमच्या भागात आपल्याकडच्या वयस्क लोकांसाठी अशी केंद्रं आहेत. सकाळी व्हॅन दारात येते, दिवसभर योगासनं, पत्ते, बिंगो, गुजराती जेवण, आणि चार वाजता व्हॅन घरी सोडते. बाबा नाखुशीनं गेले आणि पंधरवड्यात व्हॅन यायच्या आधी बूट घालून दाराशी उभे राहायला लागले. त्या व्हॅनचा कारभार एका मावशींकडे होता. ड्रायव्हर दुसराच कोणी होता, पण कोणी कुठल्या सीटवर बसायचं, खिडकी किती उघडायची, रेडिओ लावायचा की नाही, हे त्या ठरवत. फार पूर्वी डॉक्टर नवऱ्याबरोबर इथे आलेल्या. नवरा वारलेला, एक मुलगा टेक्सासात प्लेनोला, एक कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला. बाबा त्यांचा उल्लेख सांगलीच्या पद्धतीनं डॉक्टरीणबाई असा करत. "डॉक्टरीणबाई आज आल्या नाहीत" हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं पहिलं आपणहून बोललेलं वाक्य होतं.

स्टेंटमुळे हार्टच्या डॉक्टरकडे जावं लागे. आमची डॉक्टर इथेच वाढलेली एक तरुण मुलगी, हुशार आणि घाईत असलेली. एका खेपेला तिनं नेहमीच्या तपासण्यांबरोबर एक वेगळी तपासणी सांगितली होती आणि रिपोर्ट घेऊन आम्ही तिघं तिच्यासमोर बसलो होतो. तिनं समजावून सांगितलं ते असं. मटण, बीफ, अंड्याचा बलक अशा पदार्थांत काही द्रव्यं असतात. आतड्यातले जीवाणू ती खातात आणि एक वायू सोडतात. तो वायू रक्तातून यकृतात जातो आणि तिथे त्याचं टीएमएओ नावाचं रसायन होतं. ज्यांच्या रक्तात ते जास्त, त्यांच्यात रक्तवाहिन्या चोंदण्याचं आणि अटॅकचं प्रमाण जास्त दिसतं. तेच रसायन त्याला कारण आहे की ते नुसतं सोबत आढळतं, यावर अजून वाद चालू आहे, हेही तिनं सांगितलं. पण स्टेंट असलेल्या माणसाच्या बाबतीत तिला धोका पत्करायचा नव्हता.

बाबांना हे आवडलं. किती दिवसांनी कोणीतरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होतं. त्यांनी आपल्या जपून वापरलेल्या इंग्रजीत विचारलं, म्हणजे कारखान्यात साखरेमागे मळी निघते तसं का हे? डॉक्टरला मळी माहीत नव्हती, पण तिनं मान डोलावली. मग तिनं आकडा दाखवला. तो खूप वर होता. रोज मांस खाणाऱ्या माणसाचा असावा तसा, असं ती म्हणाली, आणि तुम्ही आठवड्यातून किती वेळा मांस खाता, असं विचारलं.

"नेव्हर," बाबा म्हणाले.

डॉक्टरनं त्यांच्या डोक्यावरून माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. लहान मुलानं काही सांगितल्यावर आपण त्याच्या आईकडे बघतो तसं. मग तिनं विचारलं की हे आणखी काही औषधं, गोळ्या, सप्लिमेंट वगैरे घेतात का. उत्तर मी दिलं, नाही म्हणून. गोळ्यांची डबी दर रविवारी मीच भरते, त्यात काय आहे मला पाठ होतं. तिनं दिलेला माहितीचा कागद बाबांनी चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला.

परतताना गाडीत नवऱ्यानं विषय काढला. सुरुवात त्यानं चांगली केली.

"बाबा, खात असाल तर खा. मला काही प्रॉब्लेम नाही. फक्त सांगा."

"मी खात नाही."

"मग रिपोर्ट खोटा आहे का?"

"रिपोर्ट खोटा नाही," बाबा म्हणाले. जन्मभर नमुने तपासलेला माणूस, आकड्याला खोटं म्हणणं त्यांच्या जिवावर आलं असणार.

"मग काय समजायचं आम्ही? हिला तुमच्या कपड्यांना माशाचा वास येतो."

बाबांनी मागच्या सीटकडे मान वळवली. "तुला येतो?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायचं कारण नव्हतं. त्यांनी मान पुन्हा पुढे केली आणि घर येईपर्यंत टर्नपाइक हायवेवरचे ट्रक बघत राहिले.

त्यानंतर ते आमच्याबरोबर जेवेनासे झाले. आम्ही कामावरून यायच्या आत स्वतः भात लावून, जेवून, ताट धुऊन ठेवत. विचारलं की म्हणत, भूक लवकर लागली होती. नवरा चिडला. चिडण्यामागे भीती होती, ती मला दिसत होती, पण बाबांना दिसायला हवी होती तर ती त्यानं वेगळ्या आवाजात सांगायला हवी होती. तो म्हणे, स्टेंट असलेला माणूस लपूनछपून बर्गर खातो आणि वर आपल्याशीच अबोला धरतो. मी म्हटलं, लपून खायला त्यांना नेतं कोण? त्यांना गाडी येत नाही. त्यावर तो म्हणाला, डे-केअरमध्ये कमी उद्योगी लोक आहेत का.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी बाबांनी त्याला सांगितलं, सांगलीचं तिकीट बघ. तिथलं घर बंद होतं, किल्ली पुतण्याकडे. नवरा म्हणाला की तिथे तुम्हाला रात्री काही झालं तर बघायला कोण आहे. बाबा म्हणाले, तिथे निदान मी काय खातो ते सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी गेस्टरूमच्या कपाटातून आपली बॅग काढून पलंगाच्या पायाशी ठेवली. उघडली नाही, नुसती ठेवली. नवरा येता-जाता ती बघत होता आणि तिकीट काही बघत नव्हता.

शनिवारी मी कपडे धुतले. वॉशरमधून बाबांची पँट काढताना खिशात काहीतरी बुळबुळीत लागलं. टिश्यूपेपरचा लगदा, आणि त्यात अर्धवट विरघळलेल्या मोठमोठ्या कॅप्सूल. एक फुटली होती. तिला तोच वास होता.

मी तो लगदा तसाच एका बशीत घातला, वर आले आणि बाबांसमोर टेबलावर ठेवला. नवरा किराणा आणायला गेला होता. फोनवर शोधायला मला फारसा वेळ लागला नाही. काही कॅप्सूलवरची अक्षरं शिल्लक होती: कार्निटीन. मटणात असतं तेच द्रव्य, इथे ते ताकदीसाठी आणि हार्टसाठी म्हणून बाटलीत विकतात. रोज भरपूर घेतलं तर पोटातले जीवाणू त्यावर पोसतात, शाकाहारी माणसाचेही हळूहळू शिकतात. आणि यकृताला सगळा वायू पचवता आला नाही तर उरलेला घामातून बाहेर पडतो, मासळीसारखा वास घेऊन. डॉक्टर चुकली नव्हती, माझं नाकही चुकलं नव्हतं, आणि बाबाही खरं तेच बोलले होते.

"हे तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"त्या डॉक्टरच्या कागदावर नाव होतं. दुसऱ्या दिवशी बाटलीवर वाचलं."

"म्हणजे दोन आठवडे तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्ही बोलला नाहीत."

मग त्यांनी एकेक सांगितलं. बाटली डॉक्टरीणबाईंची. गेलेल्या डॉक्टर नवऱ्याचा मोठा साठा त्यांच्या घरी उरला होता. फेकवत नव्हता, म्हणून त्या बाटली पर्समध्ये घेऊन येत आणि व्हॅनमध्ये ज्याला हार्टचं काही आहे त्याच्या हातावर रोज दोन कॅप्सूल ठेवत, पाण्याच्या बाटलीसकट. आपली माणसं एकमेकांची औषधं अशी सहज घेतात. मला गुण आला, तुम्ही घेऊन बघा. त्याला कोणी औषध म्हणत नाही, त्यामुळे डॉक्टरनं विचारलं तरी ते कोणाच्या तोंडावर येत नाही. बाबा पहिल्या दिवशी व्हॅनमध्ये बसले तेव्हा त्यांच्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या डॉक्टरीणबाईच, आणि पहिलं वाक्य होतं, हात पुढे करा. सांगलीत त्यांच्या हातावर बीपीची गोळी रोज सकाळी सासूबाई ठेवत असत. हे ते बोलले नाहीत, मला आठवलं.

"मग सांगायचं त्यांना, की मला नको," मी म्हटलं. "संकोच कसला?"

"संकोच नाही," बाबा म्हणाले. "त्या बाई डॉक्टरांना ह्याच गोळ्या रोज द्यायच्या. स्वतःच्या हातानं. आणि डॉक्टर गेले ते हार्टनंच. आता मी सांगू की बाई, ह्या हार्टला वाईट? मग त्यांनी काय समजायचं?"

तेव्हा मला ती पलंगाच्या पायाशी ठेवलेली बॅग कळली. तोंडात टाकल्यासारखं करून कॅप्सूल टिश्यूत गुंडाळत राहणं फार दिवस जमणारं नव्हतं. मुलाला खरं सांगितलं तर मुलगा त्याच दिवशी त्या बाईंना फोन करणार. मग सोपा मार्ग एकच, मांस खाणारा म्हातारा म्हणवून घ्यायचं आणि इथून निघून जायचं. त्यांच्या जागी मी असते तर मला हे सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी मी केलं नसतं. पण त्यांच्याबद्दल मला तेव्हा जे वाटलं ते आधी कधी वाटलं नव्हतं.

तरीही व्यवहार सुटत नाही. मी विचारलं, व्हॅनमध्ये ह्या गोळ्या आणखी कोण घेतं? त्यांनी बशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, बायपास झालेले एक काका आहेत. आणखी एक आजी.

"त्यांचं काय करायचं मग?"

"तेच डोक्यात आहे," बाबा म्हणाले. "दोन आठवडे तेच."

मी म्हटलं, उठा, कपडे बदला. फोन करून आम्ही दोघं त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांचं घर मोठं होतं आणि त्यातल्या बहुतेक खोल्यांची दारं बंद होती. स्वयंपाकघर तेवढं वापरातलं. चहा त्यांनी आधीच टाकला होता. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले. गाडीत त्यांनी मला सुचवलं होतं की बाटल्यांची तारीख उलटली आहे असं सांग, तेवढं पुरेल. तारीख खरोखरच उलटली असण्याची शक्यता होती. पण इतकी वर्षं इथे संसार केलेली बाई तारखेला भीक घालत नाही हे मला माझ्यावरूनच माहीत होतं. मी सरळ सांगितलं.

"मावशी, त्या कॅप्सूल बंद करायला हव्यात. बाबांच्या रक्तात जे वाढलंय ते त्यांच्यामुळे, असं मला वाटतं."

त्यांनी चष्मा लावला, पर्समधून बाटली काढली आणि लेबल वाचलं. मग मला कारण विचारलं. मी जीवाणूंचं सांगितलं, वायूचं सांगितलं, वासाचंही सांगितलं. डॉक्टरच्या बायकोनं ऐकावं तसं त्यांनी मध्ये न तोडता ऐकलं.

"म्हणजे हार्टला वाईट."

"संबंध दिसतो म्हणतात. नक्की कोणालाच माहीत नाही. डॉक्टरनंही तेच सांगितलं."

बाबा दाराशी काढून ठेवलेल्या आपल्या बुटांकडे बघत होते. मावशींनी चष्मा काढला आणि त्यांच्याकडे वळल्या.

"म्हणून तुम्ही हल्ली गिळत नाही होय. खिडकीकडे तोंड करून टिश्यू काढता. मला दिसतं हो. आयुष्यभर एका डॉक्टरला दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्या घ्यायला लावल्यात मी, त्यांच्या सगळ्या युक्त्या मला पाठ आहेत. म्हटलं, कडू लागत असेल."

बाबांचा हात नकळत पँटच्या खिशाकडे गेला.

"आणि सांगलीला जायचं ते ह्यासाठी? परवा व्हॅनमध्ये म्हणालात ते?"

"तुम्हाला वाटेल की आपणच..." बाबांनी वाक्य पुरं केलं नाही.

मावशींनी बाटली टेबलावर ठेवली आणि तिचं झाकण अंगठ्यानं चाचपत राहिल्या. मी चहाकडे हात नेला नाही.

"ह्या गोळ्या त्यांनी स्वतः आणल्या," त्या म्हणाल्या. "स्वतः वाचून, स्वतः ठरवून. माझ्या सांगण्यावरून त्या माणसानं कधी मफलरसुद्धा गुंडाळला नाही. मी फक्त झाकण उघडून द्यायची. शेवटी शेवटी त्यांच्या बोटांत जोर राहिला नव्हता." मग म्हणाल्या, "आता हे मनात येईल कधी कधी. येणारच. ते माझं मी बघेन. त्यासाठी तुम्हाला देश सोडून पळायची गरज नाही."

बाबांनी मान हलवली. मी चहा घेतला, तो गार झाला होता.

बायपासवाल्या काकांना आणि त्या आजींना आपणच सांगू, असं मावशी म्हणाल्या, आणि त्यांच्या स्वरावरून त्या दोघांची सुटका नव्हती हे कळलं. मग आम्ही तिघं त्यांच्या बेसमेंटमध्ये गेलो. एका फळीवर डॉक्टरांच्या बाटल्या होत्या, वेगवेगळ्या नावांच्या, काही सील न तोडलेल्या. बाजूला त्यांचे बर्फातले बूट आणि टेनिसची रॅकेट. सगळ्या बाटल्या वर आणल्या. इथे जुनी औषधं टाकायची रीत अशी की ती वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात कालवायची, पिशवी बंद करायची आणि मग कचऱ्यात टाकायची, म्हणजे कोणी मूल किंवा कुत्रं खात नाही. मावशींच्या घरी कॉफी नव्हती. गुलाबांसाठी साठवलेला चहाचा चोथा होता, बादलीभर. त्यांनी गुलाबांच्या वाट्याचा तो काढून दिला.

बाटल्यांची झाकणं दाबून फिरवायची असतात. घट्ट बसलेली ती मावशींना आता उघडत नव्हती, म्हणून त्या एकेक बाटली बाबांकडे सरकवत गेल्या आणि बाबा दाबून, फिरवून उघडत गेले. मी ओतत होते. मध्येच सवयीनं मी लेबलाची खालची बारीक अक्षरं वाचली.

"बाबा, कॅप्सूलची टरफलं जिलेटिनची आहेत."

"कशापासून करतात?"

"हाडं, कातडी. जनावरांची."

बाबा हातातल्या बाटलीकडे बघत क्षणभर थांबले. "म्हणजे पोरगा बरोबरच म्हणत होता की."

मावशी आधी नुसत्या हसल्या, मग त्यांना हसू आवरेना, आणि त्यात त्यांनी डोळे पुसले ते पदरानं नाही, किचन टॉवेलनं. बाबांनी तेवढ्यात पुढची बाटली उघडली.

घरी आल्यावर नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो ऐकताना किराण्याच्या पिशव्या रिकाम्या करत होता आणि संपल्यावरही रिकामी पिशवी हातात धरून उभा होता. त्याने वडिलांची माफी मागितली नाही. त्यांच्या घरात तशी पद्धत नाही, आजोबांपासून कोणी कोणाची मागितलेली नाही. तो बाबांच्या खोलीच्या दारात गेला आणि म्हणाला, तिकिटाचं अजून बघितलं नाही.

"बरं झालं," बाबा म्हणाले. "नको बघूस."

मग नवऱ्यानं ती बॅग उचलून कपाटात वर ठेवली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, त्याने चिकन केलं नाही. बाबांच्या शेजारी बसून वरणभात खाल्ला आणि तूप मागितलं. बाबांनी त्याला त्या वायूचं आणि मळीचं समजावून सांगितलं. जरा जास्तच वेळ सांगितलं, पण आम्ही मध्ये बोललो नाही. डॉक्टरच्या ऑफिसला मी सोमवारी फोन करून कॅप्सूलचं कळवलं आणि पुन्हा रक्त कधी द्यायचं ते विचारून घेतलं. तोवर थोडे आठवडे जाऊ द्या, असं उत्तर आलं.

पुढच्या भेटीत आकडा खाली आला होता. डॉक्टर खूश झाली. बाबा तिला म्हणाले, "सर, सॅम्पल वॉज कंटॅमिनेटेड." आपल्याला सर म्हटल्याबद्दल ती त्यांना काही म्हणाली नाही, आणि या वेळी तिनं सगळं त्यांच्याकडे बघून सांगितलं. आकडा चांगला आला म्हणजे धोका गेला असं नाही, हेही तिनं सांगितलं. चालणं, मीठ, बीपीची गोळी, सगळं होतं तसंच राहणार होतं.

वास दोन-तीन धुण्यांत गेला. मावशी अजून व्हॅनमध्ये रोज हात पुढे करायला लावतात, पण आता बडीशेप देतात, घरी भाजलेली, ओव्याचे चार दाणे टाकून. बाबा ती सगळी तिथे खात नाहीत, उरलेली खिशात टाकतात. वॉशरच्या जाळीत तिचे दाणे अडकतात आणि पाणी निघत नाही. मी त्यांना दोनदा सांगितलं. आता शनिवारी कपडे टाकायच्या आधी त्यांच्या पँटचे खिसे मीच उलटे करते, आणि निघालेली बडीशेप बेसमेंटच्या पायऱ्या चढताना खाऊन टाकते.